मोठ्या टायरांचा आषाढ

आषाढ लागला की कासार आंबोलीतल्या आमच्या घरासमोरून शनिवारी सकाळपासून गाड्या सुरू होतात. सगळ्या ताम्हिणीकडे निघालेल्या. माणसं पाऊस बघायला जातात. मी व्हरांड्यात बसून असतो आणि जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांकडे बघतो. जुनी सवय आहे, मोडत नाही.

शेजारच्या बंगल्यातल्या गृहस्थांनी गेल्या महिन्यात नवी जीप घेतली, चारही चाकांवर ओढणारी, आणि आठवड्याच्या आत तिचे टायर काढून मोठे घातले. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "गाडीला बाकी काही केलेलं नाही, फक्त टायर. कशी उंच दिसते बघा."

मी वाकून चाक आणि मडगार्डच्या मधल्या फटीत बोटं घालून पाहिली. "स्टिअरिंग पूर्ण वळवून पाहिलंत का?"

"नाही. का?"

"आणि स्टेपनी कुठल्या मापाची आहे?"

"स्टेपनी जुनीच आहे."

"ती बदलून घ्या," एवढंच म्हणालो आणि घरी आलो. ते बिचारे थोडे खट्टू झाले असावेत. त्यांना सगळं सांगायला हवं होतं, पण त्यांच्या दारात उभं राहून ते सांगता आलं नसतं. इथे लिहितो.

एकोणीसशे साठचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी पौडच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो, वय एकोणतीस. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, बाहेर जनावर अडकवायचा लाकडी खोडा आणि एक जीप. ती कारखान्यातून निघाली तशीच होती. ताडपत्रीचं छप्पर, पुढे पाडता येणारी काच आणि सहा-सोळाचे टायर. म्हणजे सहा इंच जाड, सोळा इंची रिंगवर बसणारे. ती चालवायचे हसनभाई. पौडच्या बाजारपेठेतच त्यांचं घर. वय पंचेचाळीसच्या आसपास. महायुद्धात ब्रह्मदेशच्या चिखलातून त्यांनी लष्करी गाड्या हाकल्या होत्या. माणूस मुळात अबोल. बोललेच तर गाडीविषयी.

त्या वर्षी चैत्रात माझी बायको गेली. विमल. कावीळ झाली आणि सोळा दिवसांत सगळं संपलं. चौदाव्याचं आटोपून मी कामावर हजर झालो. लोक म्हणाले, डॉक्टर खंबीर आहेत. खंबीर वगैरे काही नव्हतो. दाताला भूल दिल्यावर आपलाच गाल हाताला परका लागतो, तसा मी सगळाच झालो होतो. दुखत नव्हतं. आता दुखेल, मग दुखेल, अशी मी वाट बघत होतो. सकाळी उठायचो, दाढी करायचो, समोर येईल त्या जनावराच्या तोंडात हात घालायचो. हात आपलं काम करत होते.

वैशाख कसा गेला मला आठवत नाही. हे सजवून सांगत नाही, खरंच आठवत नाही. करवंदं पिकली असतील, राब भाजल्याचा धूर रानभर पसरला असेल, लग्नाच्या बैलगाड्या दवाखान्यावरून गेल्या असतील. माझ्याकडे त्यातलं काही शिल्लक नाही. आठवतो तो ज्येष्ठ, आणि तोही टायरांमुळे.

मुळशीच्या पाण्याच्या कडेने ताम्हिणीकडे जाणारा रस्ता तेव्हा नावापुरता रस्ता होता. पावसात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल जायच्या की जीप पोटावर टेकायची आणि चाकं जागच्या जागी गरगर फिरायची. आदल्या पावसाळ्यात आम्ही कितीतरी वेळा असे अडकलो होतो. त्यात टायर झिजून गुळगुळीत झालेले. नवे मागवायचे तर अर्जांतच वर्ष जाणार. शेवटी वरिष्ठांनी पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडून लष्कराचे काढून टाकलेले टायर घ्यायला परवानगी दिली.

त्याच्या वखारीत आमच्या रिंगवर बसतील असे दोनच ढीग निघाले. एकात सात-सोळाचे पाच. दुसऱ्यात साडेसात-सोळाचे चार, काळेशार, खोल नक्षीचे, उभे केले तर माझ्या मांडीच्या वर येणारे.

हसनभाई उकिडवे बसले, दोन्हींच्या खाचांत अंगठा घालून त्यांनी खोली पाहिली आणि सातच्या ढिगावर हात ठेवला. "हे घ्या सायेब. पाच हायेत. चार चाकांला, एक स्टेपनीला. समदे एका मापाचे."

"पण ते दुसरे उंच आहेत. पोट टेकणार नाही."

"उंच हायेत. रुंद बी हायेत. आपल्या चिखलाला रुंद चाक काय कामाचं? वरचा राडा कापून खाली टणक लागंस्तोवर चाक जायला पायजे. रुंद चाक वरच्या वर पवतं."

"उंचीचा फायदा आहेच ना?"

"हाय की. पर गाडी हाय तीच हाय. इंजिन तेच, ब्रेक तेच, पाटे तेच. निस्तं चाक मोठं केलं की बाकीचं समदं लहान पडतं."

ते बरोबर सांगत होते, आणि मला ते कळतही होतं. पण चैत्रानंतर पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं होतं. ते मोठे टायर मला हवे होते. आम्ही न घेताच परतलो आणि पुढचे आठ दिवस मी फक्त टायरांचा विचार केला. दवाखान्याच्या भिंतीवर खडूने चाकं काढली, एकात एक. मोजायला टेप नव्हता म्हणून विमलची शिवणाची पेटी उघडली. टेपच्या टोकाला पिवळ्या दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला होता. तो सोडवून मी खिडकीत ठेवला आणि बाहेर जाऊन जीपखाली पाठीवर झोपून मापं घेतली. साडेसातचं चाक जुन्या चाकाहून तीन इंच उंच. म्हणजे गाडीचं पोट त्याच्या निम्मं, दीड इंच वर उचललं जाणार. त्या दीड इंचाने माझं डोकं भरून गेलं होतं. रात्री झोप लागायची. आता वाटतं, मला टायर नको होते, मोजायला काहीतरी हवं होतं.

साडेसातचेच चार घेतले. हसनभाईंनी एका शब्दाने विरोध केला नाही. चढवल्यावर लक्षात आलं की स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढची चाकं पाट्यांना, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांना घासतात. चाक किती वळावं हे ठरवणारा एक बोल्ट असतो. हसनभाईंनी तो थोडा पुढे सरकवून चाकाला आधीच अडवलं. घासणं थांबलं, पण जीप आता पूर्वीइतकी चटकन वळेना. स्टिअरिंग ओढायला दोन्ही दंड लागायचे. चढावर इंजिन धापा टाकायचं. ब्रेक पूर्वीपेक्षा उशिरा धरायचे. काटा ताशी तीस मैल दाखवी तेव्हा गाडी तेहतीसने धावत असे. स्टेपनीला जुन्यातला त्यातल्या त्यात बरा टायर ठेवला, सहा-सोळाचा. पौडमध्ये मात्र जो तो थांबून बघायचा. "डॉक्टरांची गाडी लई झोकदार झाली," म्हणायचे.

आता त्या वाटेने गुळगुळीत डांबर आहे. कडेला ढाबे आहेत, मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका आहेत. तरी धुकं उतरलं की रस्ता आणि दरी यांतला फरक आजही दिसेनासा होतो, आणि पाऊस तर तोच आहे. ताम्हिणीचा पाऊस थेंबांनी पडत नाही. तो सलग असतो. त्यात काही वेळ उभं राहिलं की अंगावर पाऊस पडतोय हेही कळायचं थांबतं. मला तो पाऊस त्या वर्षी फार सोयीचा वाटला होता.

आषाढात भाताची आवणी ऐन भरात आली असताना एका सकाळी रावजी दवाखान्यात आला. ताम्हिणीच्या अलीकडच्या एका वाडीतला शेतकरी. पहाटे निघून काही चालत, काही लाकडाच्या ट्रकमधून तो पौडला पोचला होता. घोंगडीतून पाणी ठिबकत होतं.

"सायेब, जनावरं मरत्यात. गळा सुजतोय, घरघर लागती, आन दिस मावळायच्या आत खलास. तीन गेली."

घटसर्प. पावसाळ्यातला सगळ्यात वाईट रोग. त्यावर लस आहे, पण ती पावसाआधी, वैशाखात टोचायची असते. मी वाड्यांची यादी काढली. त्या वाडीपुढे खूण नव्हती. तिथली लस टोचायची राहून गेली होती.

मी यादी मिटली. छातीत काहीही हललं नाही. "बर्फ आहे का?" एवढंच विचारलं. आदल्या दिवशीच्या एस.टी.ने भुशात गुंडाळलेला बर्फ आला होता. लशीच्या बाटल्या थर्मासमध्ये बर्फात ठेवल्या, सुयांची पेटी घेतली, आजारी जनावरांसाठी सल्फाची औषधं घेतली आणि नऊच्या सुमाराला निघालो. हसनभाई, मी, मागे रावजी.

गाडी सुरेख चालली. आदल्या वर्षी जिथे रुतलो होतो ती तिन्ही ठिकाणं आम्ही न थांबता पार केली. पोट कुठेही टेकलं नाही. हसनभाईसुद्धा म्हणाले, "चाललीया बरी." मला जवळजवळ आनंद झाला. म्हणजे तिथे आनंद असायला हवा होता हे मला समजलं.

पुढे चढावर एक अगदी तीव्र वळण होतं. डावीकडे दरड, उजवीकडे दरी. पूर्वी जीप ते एका दमात घ्यायची. आता चाकं अर्ध्यावरच अडली. हसनभाईंनी गाडी थांबवली, मागे घेतली, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. पाण्याचा लोट रस्त्यावरून वाहत होता, मागचं काही दिसत नव्हतं. तिसऱ्यांदा मागे घेताना डावं मागचं चाक दरडीतून सुटलेल्या धारदार दगडावर चढलं. आवाज मोठा नव्हता. नुसता फुस्स झाला आणि गाडी एका अंगाला बसली. वखारीत वर्षानुवर्षं पडून त्या टायरचं रबर आतून मेलेलं होतं. बाजूने वीतभर फाटलं होतं.

जॅक चिखलात रुतत होता. रावजीने दगड आणून रचले. स्टेपनी चढवायला तास गेला. मग हसनभाई हात पुसत म्हणाले, "आता फोर व्हील टाकता यायचं न्हाई."

"का?"

"तीन चाकं मोठी, एक बारकं. चारी एकाला एक जोडली तर आतली दातरं तुटतील. मागच्या दोन चाकांवर जाईल तितकी जाईल."

गाडी अर्धा मैल गेली आणि एका ओढ्याच्या उतारावर शांतपणे रुतली. मागची चाकं फिरत राहिली, एक लहान, एक मोठं. हसनभाईंनी इंजिन बंद केलं. वाडी तिथून तीन मैल होती. मी थर्मास छातीशी धरला, हसनभाईंनी सुयांची पेटी डोक्यावर घेतली, आणि रावजीच्या मागोमाग आम्ही चालू लागलो. मी पावलं मोजत होतो.

वाडीत पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बारापर्यंत पोचायला हवं होतं. खाचरांत बायका ओळीने वाकून रोपं लावत होत्या, पाठीवर पानांची इरली. खालच्या अंगाला पाच जनावरं ताडपत्रीखाली झाकलेली. सहावा बैल एका गोठ्यासमोर नुसताच आडवा पडला होता, तोंडाशी फेस. मी वाकून हात लावला. अंग अजून गरम होतं.

"आत्ता गेला," गोठ्याच्या दारातली बाई म्हणाली. "अर्धा तास झाला."

ती सोनाबाई, रावजीची भावजय. पन्नाशीची असेल. नवरा दम्याने घरात बसलेला, शेत तीच बघायची. तिच्या मागे जोडीतला दुसरा बैल उभा होता, ताप चढलेला, पण गळा अजून सुजला नव्हता. मी त्याच्या शिरेत सल्फा दिलं. तिने त्याची वेसण घट्ट धरून ठेवली होती.

"ह्यो वाचंल का?"

"सांगता येत नाही."

"बरं."

सुई काढताना माझ्या तोंडून निघालं, "लस वैशाखातच टोचायला हवी होती. तुमची वाडी राहिली."

"व्हय. आमी वाट बघितली व्हती." आवाजात राग नव्हता. "का ऱ्हायली?"

खरं तर काहीही सांगता आलं असतं. लस संपली होती, गाडी नादुरुस्त होती. मी म्हणालो, "चैत्रात माझी बायको गेली." हे वाक्य मी तोवर कोणाजवळच उच्चारलं नव्हतं. ज्यांना कळायला हवं होतं त्यांना ते न सांगताच कळलं होतं.

सोनाबाईने बैलाच्या मानेवरून हात फिरवला. म्हणाली, "मंग जेवता कुटं?"

"डबा येतो."

"कुणाचा?"

"हसनभाईंच्या घरून."

हे सांगताना मी गोठ्याबाहेर बघितलं. हसनभाई पावसात उभे राहून पुढच्या जनावराला दाव्याने आवळत होते. सव्वातीन महिने रोज दोन वेळा तो डबा माझ्या दारात येत होता. मी तो उघडायचो, संपवायचो, धुऊन ठेवायचो. कोणी सांगितलं म्हणून येतो, किती दिवस येणार, कोण रांधतं, यातलं मी एकदाही विचारलं नव्हतं. सोनाबाईने विचारेपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

निरोगी जनावरांना लस टोचून संपवली तेव्हा चार वाजले होते. थर्मासमध्ये बर्फाचे कपचे उरले होते. आता गाडी काढायची. एरवी बैल जुंपले असते, पण बैल कोणाचे आणायचे? रावजीने खाचराकडे तोंड करून हाक दिली. आवणी अर्धी टाकून पंधरा-वीस माणसं आमच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत आली आणि दोराला लागली. गडी पुढे, बाया मागे. मी मागून जीपला खांदा लावला होता, तिथून दोर धरलेली रांग दिसत होती. शेवटून तिसरी सोनाबाई होती. पाय चिखलात रोवून, दात आवळून ती ओढत होती. ज्या गाडीमुळे मला तिच्या दारात पोचायला उशीर झाला तीच गाडी.

मी मान खाली घातली आणि जीपच्या लोखंडाला कपाळ टेकून ढकलत राहिलो.

दोन तास आधी पोचलो असतो तर तिचा बैल वाचला असता का, हे मला आजही माहीत नाही. घटसर्पात काही जनावरं लवकर सुई देऊनही जातात. पण 'माहीत नाही' म्हणून सुटतोच असं नाही. परतताना, ते वळण उतरून खाली आल्यावर मी म्हणालो, "हसनभाई, तुमचे सात-सोळाचे घेतले असते तर आपण बाराला पोचलो असतो."

त्यांनी काचेवरची वाफ तळहाताने पुसली. "पोचलो असतो," म्हणाले. मग गिअर बदलत, "आता बाकीच्या वाड्यांची यादी काढा. उद्यापास्नं जाऊ."

आम्ही गेलो. सात-सोळाचे टायर तोवर दुसऱ्या कोणी उचलले होते. झिजलेले सहा-सोळाचेच परत चढवले आणि तो आषाढ न् सगळा श्रावण जिथे जीप अडेल तिथून पुढे चाललो. सोनाबाईचा दुसरा बैल जगला. पंधरा दिवसांनी गेलो तेव्हा तो दिराच्या एका बैलाबरोबर वारंगुळ्याने जुंपलेला होता, म्हणजे एक तुझा, एक माझा, आज तुझं रान, उद्या माझं. तिने मला बांधावरून पाहिलं आणि काम थांबवलं नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत वैशाखात माझी एकही वाडी राहिली नाही. याला मी प्रायश्चित्त म्हणत नाही. वैशाखात करायचं काम वैशाखात केलं, एवढंच.

पण त्या दिवसाचं थोडं सांगायचं उरलं आहे. दिवेलागणीला पौडला पोचलो. हसनभाई नेहमीप्रमाणे मला घरी सोडायला वळले. मी म्हणालो, "तुमच्या घरी चला."

बाजारपेठेतलं ते घर मी बाहेरून शंभरदा पाहिलं होतं. त्यांची बायको अमिनाभाभी चुलीपुढे होत्या, शेजारी माझा डबा उघडा, भरायच्या बेतात. मला चिखलाने माखलेलं दारात पाहून त्या उठल्या. काय झालं, असं त्यांनी नवऱ्याला डोळ्यांनी विचारलं. हसनभाईंनी मान हलवली.

"भाभी, आज इथेच वाढा," मी म्हणालो.

पाट मांडला. भाकरी, वरण, कांदा. भाभी समोर बसून राहिल्या, पदराची कड बोटाला गुंडाळत. मग एकदम म्हणाल्या, "डाक्टर, एक इचारू? मीठ बरं आसतंय का वो? इतकं दिस झालं, तुमी कदी काय बोलला न्हाई. मला अंदाजच लागंना."

मी वरणाचा घास तोंडात धरून थांबलो. सव्वातीन महिन्यांचं जेवण माझ्या जिभेवरून गेलं होतं आणि त्याची चव मला सांगता येत नव्हती. तो घास मी सावकाश चावला. दोघंही माझ्याकडे बघत होते. आधी ऊन लागलं, मग हळद, मग लसूण.

"जरा जास्त आहे," मी म्हणालो.

भाभींचा हात पदरावर थांबला. हसनभाईंनी आपल्या ताटातली भाकरी मोडली.

"वीस वर्सं झाली," ते म्हणाले, "मी बी तेच सांगतुया."